लेकीने सराव परीक्षेच्या गुणांचा आकडा बदललाय. विचारू की नको?

धायरीची लॅबवाली:

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे नुसती वाचून जाते. आज लिहितेय, कारण ही गोष्ट घरात बोलायची सोय नाही. नवऱ्याची चाकणला सेकंड शिफ्ट असते. तो येतो तेव्हा मी झोपलेली असते, म्हणजे झोपेचं सोंग घेतलेलं असतं. आणि सासूबाईंच्या कानावर घातलं तर सकाळी दूधवाल्यालाही कळेल.

लेक पाचवीत आहे, ऑगस्टमध्ये दहा पूर्ण झाली. जानेवारीत तिची सैनिक स्कूलची प्रवेश परीक्षा आहे, साताऱ्यासाठी. सात आठवडे राहिलेत. हे खूळ तिच्या डोक्यात मी भरवलेलं नाही. आधीच सांगून ठेवते, कारण पहिला प्रश्न तोच येणार. खडकवासल्याच्या चौपाटीवर कणीस खाताना पलीकडे एनडीए (लष्करी अधिकारी घडवणारी प्रबोधिनी) आहे, हे तिला बोलता यायला लागल्यापासून ठाऊक. मे २०२५ मध्ये तिथून मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली, १७ जणी. ती बातमी बघताना ही जेवायची थांबली आणि म्हणाली, 'मला अस्सं चालायचंय.' नंतर आठवडाभर गॅलरीत हात वर-खाली करत चालत होती. नवऱ्याच्या कंपनीतल्या एकाने सांगितलं की साताऱ्याला आता सहावीपासून मुलींनाही घेतात. झालं. जूनमध्ये क्लास लावला.

परीक्षा अशी: १२५ प्रश्न, १५० मिनिटं, ३०० गुण. गणिताचे ५० प्रश्न तीन-तीन गुणांचे, म्हणजे निम्मा पेपर गणिताचाच. सामान्य ज्ञान, भाषा आणि बुद्धिमत्ता यांचे प्रत्येकी २५ प्रश्न, दोन-दोन गुणांचे. हे सगळं सांगायचं कारण पुढे कळेल.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे, सतरा वर्षं झाली. दिवसभर आकडे बघायचे आणि रेंजच्या बाहेर गेला की लाल खूण करायची. तीच खोड घरी आली. लेकीच्या सराव परीक्षांची मी एक वही केलीय. तारीख, गणित, सामान्य ज्ञान, भाषा, बुद्धिमत्ता, एकूण. आणि शेवटच्या रकान्यात (हसू नका) 'नॉर्मल रेंज: १८० ते २२०'. ही रेंज कोणी ठरवली? मीच. एका रात्री पालकांच्या ग्रुपवरच्या गप्पा वाचून. १७८, १७१, १८३ असे तिचे गुण येत होते, आणि १७१ च्या पुढे मी खरोखर लाल पेनाने बाण काढलाय, खाली जाणारा. अप्पा बळवंत चौकातून दोन पिशव्या भरून पुस्तकं आणली, कोऱ्या ओएमआरच्या (गोल रंगवायच्या उत्तरपत्रिकेच्या) शंभर प्रती झेरॉक्स केल्या. दिवाळीत क्लासची जादा बॅच होती म्हणून या वर्षी किल्ला केला नाही. मावळे माळ्यावरच्या डब्यातच राहिले. तिने मागितलेही नाहीत, हे मला आत्ता लिहिताना लक्षात येतंय.

आता मुद्द्याचं. रविवारी सराव परीक्षा होती. ती जिना चढतेय हे मला पावलांवरून कळतं, त्यामुळे बेल वाजायच्या आत मी दार उघडते. उघडलं. तिने बूट काढायच्या आधी कागद पुढे केला. १९२! मी उडालेच. जवळ घेतलं, पालकांच्या सहीच्या रेघेवर तिथल्या तिथे सही केली, संध्याकाळी मस्तानी प्यायला घेऊन गेले. तिने अर्धी तशीच ठेवली. म्हटलं, थंड लागत असेल.

काल रात्री वहीत भरायला तो कागद काढला. गणित ६६, सामान्य ज्ञान २६, भाषा २८, बुद्धिमत्ता २२. बेरीज केली. पुन्हा केली. १४२ येतात.

तेव्हा कुठे आकड्याकडे नीट बघितलं. क्लासवाले गुण इंग्रजी आकड्यांत लिहितात. इंग्रजी चारचं वरचं उघडं तोंड मिटवलं की नऊ होतो. निळं बॉलपेनच, पण जराशी वेगळी शाई. दिवसभर लोकांच्या चिठ्ठ्यांवरची अक्षरं लावणाऱ्या बाईला रविवारी दारात ते दिसलं नाही. विषयांच्या गुणांना तिने हातही लावलेला नाही. तेवढं तिच्या ध्यानात आलं नसेल, किंवा बेरीज कुणी करेल असं वाटलं नसेल.

ही मुलगी खोटं बोलणारी नाही हो. दुकानदाराने दोन रुपये जास्त दिले तर परत देऊन येते.

तिला विचारू का? विचारलं आणि ती परीक्षेआधी कोसळली तर? नाही विचारलं तर पुढचा रविवार आहेच. त्यात मी मस्तानी पाजून बसलेय. खरं सांगते, मला तिच्यापेक्षा माझीच जास्त भीती वाटतेय. पहाटे साडेतीनला जाग येते आणि डोक्यात दोन नळ टाकी भरत असतात आणि तिसरा रिकामी करत असतो.

बाणेर-बालेवाडी:

यात विचार कसला करायचा? क्लासला फोन करून खरे मार्क विचारा, मुलीला समोर बसवा आणि स्पष्ट सांगा की खोटेपणा चालणार नाही. आज मार्क, उद्या आणखी काही. वेळीच आवर घातलेला बरा.

धायरीची लॅबवाली:

खरे मार्क मला माहीत आहेत हो. बेरीज मीच केलीय.

जुन्नरकडच्या बाई:

अगं, तुला अगं-तुगं करते, राग मानू नकोस. माझ्या धाकट्या मुलीच्या वयाची असशील. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत बत्तीस वर्षं शिकवलं. आमच्या वेळी स्कॉलरशिप चौथीला आणि सातवीला होती, पाचवी-आठवीला नंतर गेली. चौथीचा वर्ग बहुतेक वेळा माझ्याकडे. सकाळी सातला जादा तास. थंडीत पोरं अंगावर घोंगडी घेऊन यायची, आणि मी स्वतःला फार मोठी समजायची, कारण आमच्या शाळेची चार-पाच नावं यादीत यायची.

एक मुलगा होता. हुशार, पण घाबरट. त्याने सरावाच्या वहीतलं एक पान फाडलं, कारण त्यावर ११ गुण होते. पन्नासपैकी. मी सोमवारी वर्गासमोर ती वही उघडून मधला दोरा दाखवला. म्हटलं, पान कुठं गेलं, उंदरानं खाल्लं का? पोरं हसली. मीही हसले. मला वाटलं, गमतीत सांगितलंय, लागणार नाही. बापाला कळलं, त्याने घरी वेगळं सांगितलं. फेब्रुवारीत परीक्षेच्या दिवशी टेम्पो उभा, नऊ पोरं बसलेली, हा नाही. अर्धा तास शोधला. केंद्र तालुक्याला, वेळ निघून चाललेली. शेवटी टेम्पो गेला. दुपारी तो उसातून बाहेर आला. कंपास हातातच होती.

आता तो मोठा माणूस आहे, चांगलं चाललंय त्याचं, लग्नाला बोलावलं होतं मला. त्याला आठवत असेल की नसेल, मी विचारलेलं नाही. मला त्या फाडलेल्या पानाचं काही वाटत नाही. मी तो दोरा बोटाने ओढून दाखवला होता, ते आठवतं.

म्हणून सांगते, पुरावा समोर ठेवू नकोस. कागद, बेरीज, शाईचा रंग, काही नको. तू लॅबमध्ये करतेस ते लॅबमध्ये. पोर काय सांगायचंय ते सांगेल, पण तिला सांगायला जागा पाहिजे. आणि तुझं तोंड बघून तिने आजवर काय काय वाचलं असेल? मुलं गणितापेक्षा आईचं तोंड लवकर वाचतात.

एक कर. येत्या रविवारी तिचाच एक जुना पेपर घे आणि तू सोडव. पूर्ण. १५० मिनिटं घड्याळ लावून, मध्ये उठायचं नाही, फोन नाही, चहा नाही. ओएमआरवर पेनाने गोल रंगवायचे. आणि तपासायला तिला दे. लाल पेन तिच्या हातात. १२५ प्रश्नांना १५० मिनिटं म्हणजे एका प्रश्नाला सव्वा मिनिटसुद्धा मिळत नाही. आपण पालक नुसतं म्हणत राहतो, सिली मिस्टेक केलीस, सिली मिस्टेक केलीस. एकदा बसून बघ. मी शिक्षक असून निवृत्तीनंतर नातवाच्या हट्टाने एक सोडवला होता. आकृत्यांच्या प्रश्नांत असा चोथा झाला की नातू आठवडाभर मला 'आजी, आरशातली प्रतिमा' म्हणून चिडवत होता.

आणि ती वही. जाळ म्हणत नाही, पण माळ्यावर टाक. मावळ्यांचा डबा काढ आणि त्या जागी ठेव.

दोनदा बसलेल्याचा बाप:

बाईंच्या प्रतिसादाला माझा नमस्कार. थोडी कामाची माहिती देतो, कारण मी हे सगळं दोन वेळा केलंय, आणि दोन्ही वेळा मुलाचं झालं नाही.

सहावीसाठी ३१ मार्चला वय १० ते १२ मध्ये हवं. तुमची मुलगी ऑगस्टची आहे, म्हणजे येत्या मार्चला साडेदहा, त्याच्या पुढच्या मार्चला साडेअकरा. या वर्षी नाही झालं तर पुढच्या वर्षी पुन्हा बसता येतं, फक्त सहावी परत करावी लागते. नवोदयला, म्हणजे केंद्राच्या निवासी शाळांना, ही सोय नाही, तिथे एकदाच. हे तिला माहीत आहे का? माझ्या मुलाला मी मुद्दाम सांगितलं नव्हतं, म्हटलं सैल पडेल. पहिल्या निकालानंतर त्याला कळलं. 'बाबा, तुम्ही सांगितलं असतं तर मी त्या दिवशी इतका घामाघूम झालो नसतो' असं तो सरळ म्हणाला. अकरा वर्षांचा होता. मी दुसऱ्या खोलीत जाऊन पंखा दुरुस्त करायला घेतला. पंखा चांगला चालू होता.

दुसरं. साताऱ्याचं स्कूल म्हणजे देशातलं पहिलं सैनिक स्कूल, १९६१ चं. अर्ज भरपूर येतात. त्यात मुलींच्या जागा मुलांपेक्षा पुष्कळ कमी. लेखी परीक्षा पार पडली तरी पुढे वैद्यकीय तपासणी असते. गुणवत्ता यादी आरक्षणाप्रमाणे, राज्याच्या कोट्याप्रमाणे वेगवेगळी लागते. म्हणजे अमुक गुण मिळाले की झालंच, असा आकडा कोणीही देऊ शकत नाही. तुमची १८० ते २२० ची रेंज ग्रुपवरच्या कुणाच्या तरी काकाने सांगितलेली असणार. आमच्या ग्रुपवर २३० होती. आमचाही कुणी काका होता.

तिसरं, ज्यावर माझं रात्रीचं चहापाणी अवलंबून होतं: साताऱ्याला नाही गेली म्हणून एनडीएचा दरवाजा बंद होत नाही. एनडीएची लेखी परीक्षा बारावीच्या टप्प्यावर, यूपीएससी घेते, वर्षातून दोनदा. कुठल्याही शाळेतली मुलगी बसू शकते. मध्ये आठवीला डेहराडूनच्या आरआयएमसी या लष्करी शाळेची परीक्षा आहे, तीही वर्षातून दोनदा, तिथेही आता मुली आहेत. दहावीनंतर नाशिकला मुलींसाठी सरकारी सैनिकी पूर्वतयारी संस्था आहे. इतके रस्ते आहेत, पण डिसेंबरमध्ये पालकाला एकच दिसतो.

माझा मुलगा आता कोथरूडच्या साध्या शाळेत नववीत आहे. एनसीसी घेतलंय. सैन्यात जायचंय का विचारलं तर म्हणतो, बघू. मी 'बघू' ऐकून गप्प बसायला शिकलोय. त्याला दोन वर्षं लागली, मला जास्त.

आकडा बदलल्याबद्दल: माझ्या मुलाने बदलला नव्हता. तो कागद हरवायचा. चार महिन्यांत सहा कागद हरवले. मी त्याला वेंधळा समजत होतो.

माजी नवोदयी:

मी २००९ ते २०१६ नवोदयला होते. आमच्या जिल्ह्याचं नवोदय शिरूर तालुक्यात आहे. पुणे शहरातल्या मुलांना तिथे जागा कमी, कारण किमान ७५ टक्के जागा ग्रामीण भागासाठी असतात. मी न्हाव्याची मुलगी, गावच्या शाळेतून गेले. आमची परीक्षा लहान, दोन तासांची. तयारी काय केली आठवत नाही. गेल्यानंतरचं मात्र सगळं आठवतं.

ताई, सगळे परीक्षेबद्दलच बोलताहेत म्हणून विचारते. तिला स्वतःची वेणी घालता येते का? मला येत नव्हती. पहिले पंधरा दिवस मी दुसऱ्या मुलींच्या मागे कंगवा घेऊन फिरायचे. शेवटी मेसमध्ये काम करणाऱ्या मावशींनी शिकवलं. मोजे धुता येतात का? पेटीला कुलूप लावून किल्ली दोन दिवस न हरवता ठेवता येते का? ताटात नावडती भाजी आली तर गपचूप खाता येते का? साताऱ्यात काय पद्धत आहे मला माहीत नाही, पण निवासी शाळा म्हटल्यावर एवढं सगळीकडे लागतंच.

रात्री रडणाऱ्या मुलींमध्ये गुण कमी पडलेल्या कुणीच नव्हत्या. होत्या त्या हुशारच. माझ्या बाजूच्या पलंगावरची मुलगी जिल्ह्यात वरच्या नंबरात आली होती, आणि ती घरी फोन करायलाच घाबरायची. म्हणायची, आई विचारेल, युनिट टेस्टला किती. आमच्याकडे आठवड्याला काही मिनिटं फोन मिळायचा. ती मिनिटं ती मला द्यायची. मी दोनदा बोलायचे, माझी आई म्हणायची, आज तुला एवढा वेळ कसा मिळाला गं?

हडपसरचा क्लासवाला:

शिव्या बसणार माहीत आहे, तरी लिहितो. मीही अशा परीक्षांचे क्लास घेतो. नोव्हेंबर-डिसेंबरचे सराव पेपर आम्ही मुद्दाम अवघड काढतो. काही जण मुलांचा कस लागावा म्हणून, काही जण पालक घाबरून जादा बॅच लावतील म्हणून. दोन्ही कारणं खरी आहेत. त्यामुळे १८३ नंतर १४२ आले म्हणजे मुलगी घसरली असं नाही. पेपर कोणी काढला ते विचारा. दोन वेगळ्या पेपरांचे गुण एका रेघेत मांडायचेच नसतात. लॅबवाल्यांना हे आमच्यापेक्षा जास्त कळायला हवं, मशीन बदललं की तुम्ही नाही का रेंज बदलत?

६६ गणितात म्हणजे २२ बरोबर, २८ चूक किंवा सोडलेले. यातले सोडलेले किती ते बघा. या परीक्षेत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. गोल कोरा ठेवणं म्हणजे नुकसानच. घाबरलेली मुलं कोरे ठेवतात, चूक व्हायला नको म्हणून. माझ्या अनुभवात मुली जास्त.

आणि क्लासमध्ये गुण मोठ्याने वाचतात का, तेवढं विचारून घ्या. वाचत असतील तर सरांशी बोला. ऐकलं नाही तर उरलेले सात आठवडे घरी बसवा. क्लासवाला म्हणून सांगतोय.

धायरीची लॅबवाली:

सगळ्यांचे आभार. हडपसरचे सर, मशीन बदललं की रेंज बदलते हे वाचून मी लॅबमध्ये एकटीच हसले, शेजारच्या मुलीने विचारलं काय झालं. बेरजेच्या नादात कोरे गोल मी मोजलेच नव्हते. १९ होते. एकोणीस!

वेणी येत नाही. सासूबाई घालतात.

बाईंनी सांगितलेलं रविवारी करणार. विचारलेलं नाही अजून. आज शाळेतून आल्यावर तिने माझ्याकडे बघितलं आणि मी चेहरा कसा ठेवू तेच कळेना, म्हणून फ्रीज उघडून उभी राहिले.

धायरीची लॅबवाली (बारा दिवसांनी):

लांबलचक लिहिणार आहे, सवडीने वाचा.

त्या रविवारी क्लासला सुट्टी होती, कुठल्याशा लग्नामुळे. लेकीला म्हटलं, आज पेपर मी सोडवते, तू पर्यवेक्षक. तिला आधी खरं वाटेना. मग अंगात आलं. माझा फोन काढून घेतला आणि पिठाच्या डब्यावर ठेवला. पाण्याची बाटली तपासली, तिच्यावरचा कागद सोलून काढला. 'लेबल चालत नाही.' हे तिला कुठून कळलं देव जाणे. शिट्टी वाजवून पेपर सुरू केला. सासूबाई टीव्ही लावायला आल्या तर त्यांना ओठांवर बोट ठेवून परत पाठवलं. नवरा झोपला होता, तो सुटला.

मी गणितापासून सुरुवात केली. पहिले दहा झरझर गेले, मनात म्हटलं, एवढं काय अवघड. मग शेकडेवारी आली. मग ती टाकी आली. पहाटे साडेतीनला मी जी रोज भरते तीच. तिच्यात माझी सहा मिनिटं गेली आणि उत्तर चार पर्यायांत कुठेच नाही. मान वर केली तर लेक माझ्याकडे बघत होती. रागाने नाही हो. मी सॅम्पल घेताना लहान मुलाच्या आईकडे जशी बघते, तशी.

चाळिसाव्या प्रश्नापाशी लक्षात आलं की एक प्रश्न सोडलाय पण त्याचा गोल सोडला नाही, म्हणजे मधले सगळे गोल एकेक घर वर सरकलेत. पेनाने रंगवलेलं खोडता येत नाही. मला दरदरून घाम फुटला. स्वतःच्या घरात, स्वतःच्या टेबलाशी, कुणीही माझे गुण वाचून दाखवणार नाही हे माहीत असताना. मी काय केलं असेल? बाजूला तिचा व्हाइटनर पडला होता. तो घेतला. तिने बघितलं. काही बोलली नाही, फक्त पर्यवेक्षकाच्या वहीत काहीतरी लिहिलं.

शेवटचे नऊ प्रश्न राहूनच गेले. शिट्टी वाजली.

तिने लाल पेनाने तपासलं. जिभेचं टोक बाहेर काढून, एकेक गोल उत्तरतालिकेशी ताडून. व्हाइटनर लावलेले सगळे चूक धरले. मी हुज्जत घातली तर म्हणाली, 'मशीन वाचत नाही आई.' गणित ६३, सामान्य ज्ञान २४, भाषा ३४, बुद्धिमत्ता १८. एकूण तिने इंग्रजीत लिहिले, मोठ्या आकड्यांत, खाली दोन रेघा मारून. १३९.

मी म्हटलं, अरे देवा.

ती त्या आकड्याकडे बघत बसली. बराच वेळ. लाल पेनाचं टोपण काढत होती, लावत होती. मग हळूच म्हणाली, 'तीनचा आठ होतो, आई. करू का?'

बाई, तुम्ही सांगितलं होतं म्हणून मी काही बोलले नाही. सांगितलं नसतं तर नक्की बोलले असते. मी नुसती मान हलवली, नको म्हणून. तिने पेन खाली ठेवलं आणि रडायला लागली. मग मीही. सासूबाई धावत आल्या, त्यांना वाटलं कुणाला काही चावलं. लेकीने सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते. क्लासमध्ये १५० च्या खालच्यांना मागच्या रांगेत बसवतात. पण त्याचं तिला तेवढं नव्हतं, मागच्या रांगेत तिची मैत्रीण बसते. 'तू बेल वाजायच्या आधीच दार उघडतेस. मला जिन्यात थांबता पण येत नाही.' त्या दिवशी ती दुसऱ्या मजल्यावर पायरीवर बसली होती, मांडीवर पॅड घेऊन, आणि चारचं तोंड मिटवलं होतं. मी वर दाराशी कान लावून उभी.

मस्तानीचं विचारलं तर म्हणाली, गोड लागत नव्हती.

वय, दुसरी संधी, आठवी, बारावी, हे सगळं तिला सांगितलं. 'दोनदा बसलेल्याचे बाबा', तुमच्या मुलाचं नाव न घेता तुमचा पंखासुद्धा सांगितला. तिला तोच आवडला. सातारा सोडायचा का, असंही विचारलं. नाही म्हणाली. लगेच नाही, दोन घास खाऊन झाल्यावर. क्लासमध्ये सरांशी नवरा बोलून आला. ते मागच्या रांगेचं बंद करणार आहेत म्हणाले, बघू. जादा बॅच आम्ही सोडली. संध्याकाळी आता वेणी घालायचा क्लास चालतो, सासूबाई सर. पहिल्या दिवशीची वेणी डाव्या कानापाशी सुरू होऊन उजव्या खांद्यावर संपली.

कालच्या रविवारी पुन्हा सराव परीक्षा होती. ती यायच्या वेळेला मी मुद्दाम दळण घेऊन गिरणीत गेले. रांगेत पुढच्या बाईला म्हटलं, तुम्ही व्हा आधी, मला घाई नाही. आयुष्यात पहिल्यांदा. परत आले तर लेक शेजारच्या मुलाबरोबर जमिनीवर मावळे मांडून बसली होती. डबा मी माळ्यावरून आधीच काढून ठेवला होता. दिवाळी होऊन दीड महिना झालाय, पण असू दे. कागद फ्रीजवर चुंबकाखाली लावलेला होता, उलटा, कोरी बाजू वर. ती काही बोलली नाही. मी काही विचारलं नाही. पीठ चाळलं, जेवणं झाली.

खोटं कशाला सांगू, ती झोपल्यावर उलटून बघितला. १६१. बेरीजही करून बघितली. कोरे गोल दोन. मग होता तसा परत लावून ठेवला, पण चुंबक बहुतेक आधी दुसऱ्या कोपऱ्यात होता, आणि सकाळी तिने शाळेला जाताना फ्रीजकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि बूट घालत म्हणाली, 'पाहिलास ना?'